मारबतीत गेलेला बैल

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बाप्पा. मधात कोणी हसलं की मला माझीच लाज वाटते, मग पुढचं सांगणं होत नाही. आणि ही गोष्ट अर्धी सांगून चालत नाही. अर्ध्या गोष्टीत मी फार वाईट बाई दिसते. पूर्ण ऐकली तर नुसती येडी दिसते.

पहिले एक खुलासा. मला शेजाऱ्यांच्या घरात डोकावायची सवय आहे असं आमच्या गल्लीत म्हणतात. ते साफ खोटं. माझ्या सैंपाकघराची खिडकीच शेजारच्या ओट्याकडं उघडते, त्याला मी काय करू? भात शिजेपर्यंत माणसानं डोळे मिटून बसायचं का? आमचे हे म्हणतात, माझ्या बापानं ती खिडकी हवेसाठी ठेवली होती, तू बातम्यांसाठी वापरून राह्यली. त्यांच्या बोलण्याकडं तुम्ही लक्ष देऊ नका. मीही देत नाही.

तर शेजारी प्रणाली राहते. शाळेत मास्तरीण आहे, मूळची वरोऱ्याची. तिचा नवरा राकेश वडशाला राइस मिलमध्ये कामाला जातो, सकाळी जातो तो दिवे लागल्यावर येतो. आणि त्यांची चिमी, तेव्हा चार वर्षांची. ही पोट्टी मला 'खिडकीआजी' म्हणते. मी अजून पन्नाशीत पाय ठेवला नाही, मला आजी काऊन म्हणते असं मी एकदा विचारलं. प्रणाली म्हणाली, 'काकू, तिनं तुमाले बाहेर कमी अन् खिडकीत जास्त पायलं ना.' मास्तरणीसमोर काय बोलणार? मी सातवी पास.

आता पोळा आला. आमचं गाव कुरखेड्याच्या पुढं, जंगलाला लागून. नाल्याच्या अलीकडं धानाच्या बांध्या, पलीकडं पळस, मोह आणि साग. आमच्याकडं पोळ्याच्या दिवशी दाराच्या दोन्ही अंगाला पळसाच्या फांद्या उभ्या करतात. त्यांना मेढे म्हणतात. गावातली सगळी ईडापिडा, खासी-खोकला रातभर त्या मेढ्यांवर येऊन बसते म्हणतात. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत मेढे काढायचे, घरातला मोडका झाडू, फुटकं सूप, तुटकी चप्पल सोबत घ्यायची, आणि 'घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडत गावाच्या शिवेवर नेऊन फेकायचं. त्या फेकलेल्या ढिगालाही मारबतच म्हणतात. एकदा फेकलं की मागं वळून पाहायचं नाही. आणि तिथली काडीसुद्धा परत आणायची नाही. आणली तर गेलेली पीडा तुमच्या पाठीवर बसून घरी येते.

हा नियम आमच्या गल्लीत मी पाळते. म्हणजे दुसऱ्यांकडून पाळून घेते. आदल्या वर्षी देवरावभाऊनं मारबतीतून एक प्लास्टिकची बादली उचलली होती. धड होती बिचारी, नुसती कडी निघालेली. मी त्याला अख्ख्या गावासमोर थांबवलं. पीडा घरात नेऊन राह्यला का, लेकरंबाळं आहेत की नाई तुले, असं म्हणून ती बादली परत फेकायला लावली. देवरावभाऊ त्या दिवसापासून माझ्याशी बेताचंच बोलतो. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर पोळ्याच्या आठ दिवस आधीची गोष्ट. मी भात टाकला होता. राकेश वडशाहून मोटरसायकलवर आला, मागं पोत्यात काहीतरी बांधलेलं. आता पोत्यात काय आहे ते खिडकीतून दिसत नाही. म्हणून मी वाटी घेऊन साखर मागायला गेले. पोत्यातून निघाला लाकडाचा नवा कोरा बैल! चार चाकांवर उभा, अंगावर लाल रंगाची झूल, शिंगांना सोनेरी पट्टी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा असतो ना. लेकरं असे लाकडाचे बैल सजवून मारुतीच्या देवळासमोर आणतात, मग घरोघरी फिरवतात, आणि लोक त्यांच्या हातावर खाऊ-पैसे ठेवतात. चिमीचा हा पहिलाच तान्हा पोळा. त्याच्या आदल्या साली ऐन पोळ्यात तिला ताप होता. घराच्या दारात उभी राहून दुसऱ्या लेकरांचे बैल पाहत होती, ते मी स्वतः पाहिलं. खिडकीतून.

बैल पाहून मी साखर न घेताच घरी आले आणि सगळ्यांना सांगून टाकलं, चिमीसाठी नवा बैल आला.

पोळ्याच्या दिवशी दुपारी प्रणालीचे वडील वरोऱ्याहून एसटीनं आले. चिमीचे आबाजी. उंच, वाळकुडे, डोक्याला पांढरं फडकं, आणि खांद्याला एक कापडी पिशवी. पिशवी त्यांनी लेकरू धरावं तशी पोटाशी धरली होती. मी पुरणपोळीचं ताट घेऊन गेलेच. पण त्यांनी पिशवी माझ्यासमोर उघडली नाही, आणि मीही विचारलं नाही. आमच्या ह्यांनी सकाळीच बजावलं होतं की सणाचा दिवस आहे, आज कोणाले काही इचारू नोको.

आयुष्यात एक दिवस मी विचारलं नाही. तोच नडला.

निघताना प्रणाली म्हणाली, "काकू, उद्या मारबत नेसान तं आमच्या दारचे मेढेही घेऊन जाजा. आमचं उठनं होत नाई."

"तू काई काळजी करू नोको," मी म्हटलं. "मी हाय ना."

मी हाय ना. हे तीन शब्द मी ज्या ज्या वेळी बोलले त्या त्या वेळी कोणाचं तरी नुकसान झालं आहे, असं आमचे हे म्हणतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे लेकरं गल्लीत जमली. मी आमचे मेढे काढले, आमचा खराटा घेतला, आणि शेजारच्या ओट्यावर गेले. उजवा मेढा काढला. डावा काढला. तर डाव्या मेढ्याच्या बुडाशी एक गाठोडं. फाटक्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं, वरून तेलकट. आता दुसरी कोणी बाई असती तर न पाहता उचलती किंवा न पाहता सोडती. दोन्हीत थोडी तरी अक्कल होती. मी गाठ सोडून पाहिलं.

आत बैल. पण कसला? काळा ढुस्स. एक शिंग नाही. एक कान नाही. मागचा पाय तारेनं बांधलेला. शेपटीच्या जागी नुसतं भोक. चाकं तर नाहीतच, पोटाला एक सुतळी ओढायला.

आणि माझ्या डोक्यात सगळं फटाफट जुळलं. नवा बैल आला, म्हणजे जुना निघाला. मेढ्याच्या बुडाशी ठेवला, म्हणजे मारबतीसाठी ठेवला. फडकंही फाटकंच घेतलं, म्हणजे फडक्यासकट फेकायचा. वरोऱ्याचे लोक पण रीत पाळतात म्हणायची! मला तर प्रणालीचं कौतुकच वाटलं. गाठोडं काखेत मारलं आणि निघाले.

नाल्याच्या काठावर, शिवेवर, गावभरच्या पळसाच्या फांद्यांचा ढीग पडला होता. मी आमचे मेढे टाकले, शेजारचे टाकले. मग तो बैल फडक्यासकट हातात घेतला. सगळी लेकरं पाहत होती, म्हणून मला अंगात आल्यासारखं झालं. दोन पावलं मागं गेले आणि ओरडले, "चिमीचा गेल्या सालचा ताप, घेऊन जा गे मारबत!" आणि हात फिरवून असा भिरकावला की तो ढिगाच्या पार मधात जाऊन ठक्क करून आपटला.

मग मागं न पाहता घरी आले. नियम म्हणजे नियम.

साधारण नऊ वाजता शेजारून रडणं ऐकू आलं. चिमीचं रडणं मला ओळखू येते. भुकेचं वेगळं, हट्टाचं वेगळं. हे तिसरंच होतं. हे रडणं थांबून थांबून होत होतं, मोठ्या माणसासारखं. मी वाटी घेऊन गेले.

आबाजी ओट्यावर गुडघे टेकून पायरीखाली पाहत होते. प्रणाली तुळशीमागं शोधत होती. चिमी दारात बसली होती आणि तिच्यासमोर तो नवा बैल, लाल झुलीत, एकटाच.

"काय हरपलं?" मी विचारलं.

आबाजी उठून बसले. म्हणाले, "बैल हरपला बाई. माह्या बापानं कोरलेला. तिवसाचं लाकूड हाय. मी त्याच्यावरच पोळा केला, ह्या प्रनालीनं केला, आता पोट्टीची पाळी होती. रातच्याला जवसाचं तेल पाजलं अन् वास घरात नोको म्हनून फडक्यात गुंडाळून इथी ठेवला होता."

माझ्या हातातली वाटी थोडी तिरपी झाली. बरं झालं रिकामी होती.

"मंग हा नवा?" माझ्या तोंडातून निघालं.

"तो जोडीदार," प्रणाली म्हणाली. "बाबा म्हणे, एका बैलानं वखर चालते का. म्हनून जोडी केली."

चिमीनं नाक पुसलं आणि मला सांगितलं, "खिडकीआजी, याचा दादा हरपला."

आता इथं, नेमकं इथं, मी खरं बोलायला पाहिजे होतं. एक वाक्य. 'मी नेला, आणते.' संपलं असतं. पण आबाजींचा चेहरा पाहिला, आणि माझी जीभ माझी राहिली नाही. मी म्हटलं, "कुत्र्यानं नेला असन."

का म्हटलं? मला विचारू नका. तेलाचा वास, फडकं, कुत्रं. मला पटण्यासारखं वाटलं, आणि वाईट म्हणजे त्यांनाही पटलं.

गल्लीत एकच कुत्रं, काळ्या. म्हातारं, अर्धे दात पडलेलं, ते बैल तर सोडा पण भाकरीही भिजवून खाते. पण बघता बघता अर्धी गल्ली काळ्याच्या मागं लागली. कोणी त्याची झोपायची जागा उकरली, कोणी धानाच्या तणसाचा ढीग उपसला, कोणी आमच्या गोठ्यामागं गेलं. राकेश त्या दिवशी सुट्टीवर होता, तो काळ्याला घेऊन गावभर फिरत होता की हा आपणच जागा दाखवेल. आणि चिमी काळ्यासमोर बसून त्याला समजावत होती.

"काळ्या, माहा बैल दे. मी तुले बिस्कूट देतो. मी कोनाले सांगत नाई तूच नेला म्हनून."

काळ्या शेपूट हलवत होता. मला ते पाहवेना. त्या मुक्या जिवानं एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि मला खात्री आहे, त्याला सगळं माहीत होतं. पहाटे तो माझ्यामागं शिवेपर्यंत आला होता.

आमचे हेही तणस उपसत होते. ते माझ्याजवळ आले, आणि खाली पाहतच हळू आवाजात म्हणाले, "सकाळी तू देल्लेल्या चहाले जवसाच्या तेलाचा वास काऊन येत होता?"

मी म्हटलं, "मी जरा भाजी तोडून आणते." आणि छत्री घेऊन निघाले.

नाल्याकडं एकट्यानं जाऊ नये असं वनखात्याचे लोक दर दोन दिवसांनी सांगून जातात. वाघ फिरते आमच्याकडं, काही नवं नाही. पण खरं सांगते, त्या दिवशी मला वाघाची भीती वाटली नाही. वाघानं मला 'मारबतीतून काय उचलून राह्यली' असं विचारलं नसतं.

शिवेवर पोचले तर काय! पहाटे होता त्याच्या तिप्पट ढीग. आमच्यानंतर बाकीच्या मोहल्ल्यांनी आणून टाकलं होतं. वर पळसाच्या फांद्या, मधात झाडू, सुपं, चपला, एक फुटका माठ, कोणाची तरी मोडकी खुर्ची. मी छत्री मिटली, पदर खोचला आणि देवाचं नाव घेऊन उपसायला लागले. एक फांदी इकडं, एक चप्पल तिकडं. गावभरची खासी, गावभरचा ताप, गावभरचे ढेकूण, सगळ्यांना दोन्ही हातांनी कवटाळून बाजूला ठेवत होते.

"काय शोधून राह्यल्या वैनी?"

मागं देवरावभाऊ. बांधीचं पाणी पाहून येत होता, खांद्यावर फावडं.

अख्ख्या गावात हजार माणसं. त्यातून देवानं हाच निवडला.

"कानातलं पडलं," मी म्हटलं. "सकाळी. सोन्याचं हाय ना."

सोनं म्हटल्यावर माणूस जुनं भांडण विसरते. देवरावभाऊनं फावडं ठेवलं आणि उपसायला लागला. मागून त्याची बायको येत होती, तिची बहीण येत होती. त्यानं त्यांनाही हाक मारली. चौघं मिळून आम्ही मारबत उपसली. मी एकीकडून माझा बैल पाहत होते, ते तिघं काडी काडी बाजूला करून माझं सोनं पाहत होते. अर्धा तास गेला. मला मनात फार वाईट वाटत होतं, तरी म्हटलं चला, काम होऊन राहिलं.

मग देवरावभाऊची बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली. माझ्याकडं पाहत राहिली.

"वैनी, कानातले तं दोन्ही कानात हायेत तुमच्या."

मी हात लावून पाहिला. दोन्ही होती. मेली काढून तरी ठेवायची होती.

तेवढ्यात देवरावभाऊनं खुर्चीखालून एक फडकं ओढलं. फडक्यातून बैल घरंगळला. तो त्यानं उचलला, उलटा-सुलटा करून पाहिला, आणि माझ्या तोंडाकडं पाहिलं. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असावं.  तो नुसता म्हणाला, "माही बादली आठवते का वैनी?"

"आठवते."

"काय म्हटलं होतं तुमी तवा?"

मग मला सगळं सांगावं लागलं. चिमीचा पहिला पोळा, आबाजींच्या बापानं कोरलेला बैल, काळ्या कुत्रा, सगळं. देवरावभाऊच्या बायकोनं तोंडाला पदर लावला होता, खांदे हलत होते. देवरावभाऊ मात्र हसला नाही. त्यानं बैल माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "न्या. पोट्टी रडून राह्यली असन. पन पीडा आपल्या अंगावर नेजा, तिच्या नोको."

मनात कुठंतरी बसलं ते वाक्य. बैल पदराखाली धरून मी निघाले. वाटेत पदर सारून पाहिला. दुसरं शिंग नव्हतं. पहाटे होतं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तो ठक्क आवाज आठवला. आता बैलाचं डोकं अगदी गोल, नारळासारखं. परत जाऊन शिंग शोधायची माझी हिंमत नव्हती. तिथं आता ते तिघंही हसत असणार.

मागच्या दारानं घरात शिरले. आता सरळ शेजारी जाऊन बैल द्यावा की नाही? पण नाही! देवरावभाऊचं बोलणं डोक्यात बसलेलं. मारबतीतून आलेली वस्तू तशीच लेकराच्या हातात कशी द्यायची? पीडा आधी उतरवायला पाहिजे. मी बैल धुतला, पुसला, पाटावर ठेवला, हळदकुंकू लावलं. मग मीठ-मोहरी घेतली. लाल मिरच्या सात घ्यायच्या असतात. मी म्हटलं, ही काय एका माणसाची पीडा आहे? ही गावभरची. मूठभर घेतल्या. बैलावरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या.

तुम्ही कधी मूठभर मिरच्या एकदम चुलीत टाकल्या आहेत का? टाकू नका.

आधी माझे डोळे गेले. मग नाक. मग आमचे हे गोठ्यातून खोकत आत आले आणि खोकतच बाहेर पळाले. धूर घरात मावेना. घरात मावला नाही तो कुठून जाणार? सासऱ्यांनी हवेसाठी ठेवलेली खिडकी होती ना! सगळा लोट थेट शेजारच्या ओट्यावर. तिथं आबाजी खोकायला लागले, प्रणाली खोकायला लागली, काळ्या शिंकत पळाला. पहाटे शिवेवर पोचवलेली गावभरची खासी मी दुपारी दोन वाजता परत गल्लीत आणली होती.

"काकू, काय जळून राह्यलं?" म्हणत प्रणाली आत शिरली. मागं आबाजी, डोळ्याला फडकं लावलेलं. त्यांच्या मागं चिमी.

धूर थोडा विरला. आणि मधोमध पाटावर, हळदकुंकू लावून, बिनशिंगाचा बैल.

चिमीनं त्याला पहिले ओळखलं. "आबाजी, आपला बैल! खिडकीआजीकडं पावना आला होता."

मी चुलीजवळ तशीच बसून राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मिरचीचं किती आणि माझं किती मला सांगता येणार नाही. म्हटलं, "कुत्र्यानं नाई नेला बाबाजी. मीच नेला. मले वाटलं टाकून द्याचा हाय, म्हनून मारबतीत फेकून आली. अन् शिंगही मोडलं. माह्याच हातानं."

आबाजी खाली बसले. बैल मांडीवर घेतला. मोडक्या जागेवरून अंगठा फिरवला, बराच वेळ.  आमचे हे खोकत दारात येऊन उभे राहिले.

मग आबाजी म्हणाले, "कान मी मोडला होता. सात वर्साचा होतो, विहिरीच्या काठावरून पाडला. पाय माह्या भावानं मोडला. पयलं शिंग ह्या प्रनालीनं, भांडनात हा बैल शेजारच्या पोराच्या डोक्यात घातला होता."

"बाबा," प्रणाली म्हणाली.

"खरं तेच सांगून राह्यलो. ज्यानं ज्यानं याले मोडलं ते सारे घरचेच." आबाजींनी माझ्याकडं पाहिलं. "शेजारनीनं मोडला असा हा पयलाच. आता तुमालेही घरचंच धरा लागन बाई."

मी पदर डोळ्याला लावला. आमच्या ह्यांनी मात्र लगेच विचारलं, "मंग आता हिले वरोऱ्याले घेऊन जाता का?"

चार वाजता तान्हा पोळा भरला. आबाजींनी बैलाच्या बोडक्या डोक्याला लाल फडक्याचा फेटा बांधला. शेजारी नवा बैल, सोनेरी शिंगांचा. नव्याला चाकं, जुन्याला सुतळी, त्यामुळं नवा पुढं पळायचा आणि जुना फरफटत यायचा, पण चिमीनं दोन्ही दोऱ्या हातातून सोडल्या नाहीत. मी मागं छत्री धरून चालत होते. ती माझी शिक्षा होती, मीच मागून घेतलेली.

पण खरी शिक्षा पुढंच होती. देवळासमोरून लेकरं घरोघरी निघाली. पहिल्याच घरी बाईनं चिमीच्या हातावर लाडू ठेवला आणि कौतुकानं विचारलं, "बैलाचे शिंगं कुठी गेले बेटा?"

चिमीनं लाडू नीट फ्रॉकच्या खिशात ठेवला. मग सांगायला लागली. "याचं शिंग खिडकीआजीनं मोडलं. खिडकीआजीनं याले फेकून देल्लं. मंग काळ्याचं नाव सांगतलं. मंग घरी आनून मिरच्या जाळल्या."

दुसऱ्या घरी पुन्हा. तिसऱ्या घरी पुन्हा. चौथ्या घरी तर विचारायच्या आधीच सुरू झाली. एक शब्द सुटला नाही, एक शब्द वाढला नाही. वीस वर्षं गावातली बातमी घरोघर पोचवायचं काम मी करते, पण मला कधी एवढं नीट जमलं नाही. देवरावभाऊच्या घरी त्याच्या बायकोनं चिमीला दोन लाडू दिले आणि सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं. काळ्याला मी दुसऱ्या दिवशी दूधभात घातला. त्यानं खाल्ला, पण माझ्याकडं पाहिलं नाही.

त्यानंतर मी सुधारले. खोटं नाही सांगत. खिडकीला पडदा लावला. पातळ आहे, पण लावला.

यंदा पुन्हा पोळा झाला. आबाजी चार दिवस आधीच आले, आणि रात्री बैलाला तेल लावून घराच्या आत, ट्रंकेत, कुलूप घालून ठेवला. कुलपाची किल्ली त्यांनी मुद्दाम माझ्याकडं ठेवायला दिली. पहाटे आम्ही सगळे मारबत घेऊन शिवेवर गेलो. चिमी आता पाच वर्षांची, आबाजींच्या खांद्यावर. आमच्याकडं प्रत्येकानं आपली आपली पीडा सांगायची आणि बाकीच्यांनी ओरडायचं. देवरावभाऊ म्हणाला, धानाची कीड! आम्ही ओरडलो, घेऊन जा गे मारबत! कोणी म्हणालं, गुडघ्याचं दुखनं! घेऊन जा गे मारबत! मला तर दरवर्षीसारखं अंगात आलं होतं. मान मागं टाकून, डोळे मिटून, सगळ्यांच्या वर माझा आवाज.

मग खांद्यावरून बारीक आवाज आला, "खिडकीआजीचं डोकावनं!"

"घेऊन जा गे मारबत!"

एकच आवाज घुमला. माझा. बाकी कोणी ओरडलंच नव्हतं, सगळे माझी वाट पाहत होते.

मी हातातला मेढा ढिगावर टाकला आणि वळले. मारबत टाकल्यावर मागं पाहायचं नसते. आणि आयुष्यात पहिल्यांदा, मागं काय चाललं आहे ते अजिबात न पाहता, मी सरळ घरी आले.